निबंध, गुण दहा

फळ्यावर विषय आला: 'मी मोठेपणी कोण होणार'.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकलं,
मग अख्खा वर्ग हसला, धामणेकर बाईसुद्धा.
बाईंचं वय सव्वीस. म्हणाल्या,
मी काय करू, पेपरात असंच येतंय.

वडगावातली शाळा, रात्री साडेआठ.
दिवसा इथं दुसरी ब बसते.
बाकात गुडघे मावत नाहीत
म्हणून बाळाराम हंगिरगेकर आडवा बसतो, पाय वाटेत,
उद्यमबागेत साचे भरून आलेला,
नखांत काळी वाळू, वहीच्या कडा काळ्या.
ज्या पोरांना यानं भट्टीजवळ उभं राहायला शिकवलं
ती आता याच्या हजेरीवर सही करतात.
चार ओळी लिहून त्यानं पेन ठेवलं.
'सुपरवायझर होणार. झालं की. अजून काय लिहू?'

शकिला मुजावर लिहीतच सुटली.
फॉल-पिकोचं दुकान. खडेबाजारात नको, भाडं परवडत नाही,
अनगोळला बघायचं. पाटी तीन भाषांत,
पाटीवर नाव स्वतःचं, नवऱ्याचं नाही.
पाटीचं मापसुद्धा लिहिलं तिनं: तीन बाय दोन.

मी कांड्या भरते. मागावर नवरा, कांड्यांवर मी.
सातवी नापास नव्हे, सातवी सोडलेली.
फरक आहे, तो मी सगळ्यांना सांगते.

भीती होती ती कानडीची.
लाइटबिल कानडीत, बसची पाटी कानडीत,
दवाखान्यातला कागद हातात धरून
शेजारच्या पोराची शाळा सुटायची वाट बघायची मी.
मग बाकावर गुरुसिद्द आला, हलग्याचा,
त्यानं माझ्या वहीत एक ओळ काढून दिली.
आपली अक्षरं वरच्या दोऱ्याला धरून असतात,
एकाला ओढलं की सगळी ओळ हलते.
ही सुटी, गरगरीत,
टोपलीत टाकलेल्या भरल्या कांड्या जशा.
म्हटलं, अगं बाई, हे तर माझंच काम.
बदल्यात मी त्याला 'चार'चा च आणि 'चारा'चा च
वेगळा करून दाखवला.
त्याला अजून जमत नाही.

अंगणवाडीची जाहिरात मी एकटीनं वाचली.
कानडीतली, बोट ठेवून, पाऊण तास.
शेवटच्या ओळीत वयाची अट: पस्तीस.
मी चव्वेचाळीस.
वाचता आलं नसतं
तर अजून महिनाभर आशेवर राहिले असते.

लेक म्हणाली, मग आता कशाला जातेस आई?
मी डबा धूत होते. धूतच राहिले.
कशाला ते मलाही नीट सांगता येत नाही.
साडेआठला माग बंद नसतात आमच्या गल्लीत,
त्या आवाजातून चालत येते,
वर्गात शिरले की कान एकदम मोकळे होतात,
आणि कुणीतरी मला माझ्या नावानं हाक मारून
विचारतं, काकूबाई नाही, वहिनी नाही,
'द्रौपदी, तुमचं उत्तर काय?'

निबंधात मी लिहिलं:
'मला मोठेपणी अंगणवाडीत जायचं होतं,
खरं वय निघून गेलं.
वय गेलं, खरं मी अजून मोठी व्हायची आहे.'

बाईंनी दोन्ही 'खरं'भोवती लाल गोल केले.
तिथं 'पण' लिहायचं, म्हणाल्या.
'बोलताना चालतंय, मीपण म्हणते,
खरं पेपरात नको.'
म्हणाल्या आणि थांबल्या.
मग दोघी हसलो, बराच वेळ.

सहा गुण. बाळारामला चार.
शकिलाला आठ, त्यातला एक म्हणे पाटीच्या मापाला.
गुरुसिद्दनं माझी वही ओढून घेतली,
लाल गोलांकडं बघून म्हणाला,
आमच्यात अनुस्वार असाच असतो, पूर्ण गोल.
तुमच्यात नुसता ठिपका.

खाडाखोड केली नाही मी.
परीक्षेत 'पण' लिहीन.